'जिन' या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'जिन' शोधला की आधी दारू निघते. कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी करायचं यंत्र त्यानंतर येतं, कधी येतच नाही. यवतमाळ, वर्धा, अकोला, अमरावतीकडच्या माणसाचं उलटं आहे. दसऱ्यानंतर जिथं कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तो जिनिंगचा कारखाना म्हणजे त्याची जिन. या एका शब्दावरून शाळेतली पोरं, कृषी पदविकेचे विद्यार्थी आणि कास्तकार नेहमी जे विचारतात, त्याची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. यंत्राची 'जिन' ऱ्हस्व आणि बियाण्यातला 'जीन' दीर्घ लिहिला आहे, म्हणजे वाचताना गल्लत होणार नाही.

जिनिंगमधली जिन आन् दारूची जिन एकच काय जी?

नाही. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण शब्द दोन वेगवेगळे. यंत्राची जिन 'इंजिन' या शब्दातून निघाली आणि दारूची जिन एका झुडपाच्या नावातून. इंग्रजीत येऊन दोन्ही शब्द झिजले, आखूड झाले आणि योगायोगानं सारखे दिसायला लागले. नात्याचं म्हणाल तर काही नाही.

हा प्रश्न पोरं हसत विचारतात, पण त्याचं उत्तर नीट द्यायला पाहिजे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि त्याच जिल्ह्यातलं हिंगणघाट जिनिंगसाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं जातं. तिथल्या पोरानं आपल्या गावच्या कारखान्याचं नाव दारूवरून पडलं असं समजणं बरोबर नाही.

मग यंत्राला 'जिन' नाव पडलं कसं?

मूळ लॅटिन शब्द 'इंगेनियम'. त्याचा अर्थ जन्मजात बुद्धी, अंगची हुशारी. तो जुन्या फ्रेंचमध्ये 'एंजिन' झाला आणि तिथून इंग्रजीत गेला. जुन्या इंग्रजीभाषकांच्या तोंडी पुढचा 'एं' गळाला आणि 'जिन' उरला. सुरुवातीला त्याचा अर्थ अक्कल, युक्ती, कधी डावपेच असाही होता. मग युक्तीनं बनवलेली वस्तू, म्हणजे साधन, सापळा, यंत्र. कापसातून सरकी वेगळी करायचं यंत्र म्हणून 'कॉटन जिन', आणि आपल्याकडे नुसतंच जिन.

ज्याचं डोकं शाबूत राहिलं तो शब्द म्हणजे इंजिन. विहिरीवरचं डिझेलचं 'इंजन' आणि बाजाराच्या गावची जिन हा मुळात एकच शब्द आहे. 'इंजिनीअर'ही त्याच घरचा.

यात 'जन्म' कुठून आला? आमचे सर म्हणतात, जिन आणि जन्म एकाच मुळाचे.

सर बरोबर सांगतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

'इंगेनियम'चे दोन तुकडे पडतात: 'इन' म्हणजे आत, आणि 'गेन' म्हणजे जन्मणं, उपजणं. आत उपजलेली ती बुद्धी. हा 'गेन' आणि संस्कृतातला 'जन्' धातू एकाच आदिम भारोपीय (भारत-युरोपातल्या भाषांच्या समान) मुळाचे आहेत. जन्म, जनक, जननी, जाती, प्रजा हे सगळे त्या 'जन्'चे. म्हणजे शब्दांच्या वंशावळीत आपल्या जिनचं नातं थेट 'जन्मा'शी पोचतं. युरोप फिरून आलेला हा शब्द इंग्रज यंत्रासोबत वऱ्हाडात उतरला, तेव्हा त्याचे चुलतभाऊ इथं आधीपासून नांदत होते.

बीटी बियाण्यातला 'जीन' वेगळा ना?

शब्द वेगळा, पण नात्यातला. डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०९ साली तो रूढ केला. त्यांनी तो ग्रीक 'गेनोस' या शब्दाच्या घराण्यातून घेतला. गेनोस म्हणजे वंश, कूळ. हे ग्रीक मूळसुद्धा वर सांगितलेल्या 'गेन'-'जन्'चंच. मराठीत जीनला 'जनुक' म्हणतात, तेव्हा शब्द आपल्या 'जन्'कडे परत येतो. विज्ञानाच्या परिभाषेतला इतका नेमका आणि कानाला गोड शब्द क्वचितच सापडतो. पोरांनी तो बेधडक वापरावा.

बीटी म्हणजे 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' हा मातीतला जिवाणू. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतावरून त्याचं नाव पडलं. त्याचा एक जीन कापसात घातला की झाड बोंडअळीला मारक प्रथिन तयार करतं. भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली आणि दोन जीनवालं वाण २००६ मध्ये आलं. पुढं गुलाबी बोंडअळीनं दोन्ही पचवले. अळीनं खराब केलेला कवडी कापूस वेचताना मजुराच्या हाताला ते रोज कळतं.

बियाण्यातून जीन शेतात येतो आणि शेवटी जिन तीच सरकी रुईपासून सोडवते. पेरणीपासून विक्रीपर्यंत कास्तकाराला हे दोन्ही शब्द लागतात, म्हणून दोन्ही नीट ठाऊक असावेत.

जिनमधून आणलेली सरकी पेरली तर?

पेरू नका. बाजारातलं बीटी बियाणं संकरित असतं. त्याच्या पुढच्या पिढीत गुण फुटतात: एक झाड उंच, एक खुजं, काहींत बीटीचा जीन येतो, काहींत येत नाही. शिवाय जिनमध्ये दहा गावांचा कापूस एकत्र झालेला असतो. ती सरकी तेलाला आणि ढोरांच्या ढेपेलाच बरी.

जिनमध्ये नेमकं होतं तरी काय?

आधी तीन शब्द. शेतातून वेचून येतो तो कापूस, त्यात सरकी असते. सरकी काढलेला धागा म्हणजे रुई. उरलेलं बी म्हणजे सरकी. शहरातली माणसं तिन्हींना कापूसच म्हणतात. बाजारात असा घोळ परवडत नाही.

आपल्याकडच्या जिनमध्ये बहुतेक ठिकाणी दोन रोलरचं यंत्र असतं, डबल रोलर. चामड्याच्या चकत्या एका दांड्यावर दाबून बसवलेला जाड रोलर, असे दोन शेजारी-शेजारी फिरतात. प्रत्येक रोलरला घट्ट टेकलेली एक स्थिर सुरी असते. वरून कापूस पडतो, त्याचा धागा खरबरीत चामड्याला चिकटतो आणि रोलर त्याला सुरीखालच्या फटीतून ओढून नेतो. सरकी मात्र त्या फटीत मावत नाही. ती सुरीच्या धारेवर अडते. तेवढ्यात दुसरी, सारखी खालीवर हलणारी सुरी तिला ठोकते. धागा सुटला की सरकी जाळीतून खाली पडते आणि रुई पुढच्या बाजूनं बाहेर येते.

एक सरकी डोळ्यानं धरून पाहायची तर पाहता येत नाही, इतक्या झपाट्यानं हे चालतं. कानावर फक्त सुऱ्यांचा एकसुरी ठोका येतो. हवा पांढरी होते, भुवया पांढऱ्या होतात, आणि तोंडाला फडकं बांधलेल्या बाया त्यातच पाळी काढतात. या धुळीनं छातीचे आजार होतात, त्यामुळे धूळ ओढणारी यंत्रणा आणि तोंडावर चांगला मास्क यांना जिनमालकानं फालतू खर्च समजू नये.

एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, साठ-बासष्ट किलोच्या पुढं सरकी, बाकी घट आणि कचरा. ती रुई प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गठाण बांधतात. म्हणजे एका गठाणीला अदमासे पाच क्विंटल कापूस लागतो. बातम्यांत रुईचा भाव खंडीवर येतो, आणि खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो रुई. तो आकडा कापसाच्या क्विंटलच्या भावाशी सरळ ताडून पाहू नका, त्यात सरकी धरलेली नसते.

वेचताना कास्तकारानं काय जपावं, म्हणजे जिनमध्ये भाव कटत नाही?

ओल आणि कचरा. दव वाळल्यावर वेचा. भारतीय कपास महामंडळाच्या खरेदीत ओल ८ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव मिळतो, १२ टक्क्यांपर्यंत कपात होते, त्यापुढं माल घेत नाहीत. खताच्या प्लास्टिक पोत्यात कापूस भरू नका. त्याचा एक धागा रुईत गेला की कापडापर्यंत जातो. खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला तर ठिणगी उडून जिन पेटू शकते.

कॉटन जिनचा शोध व्हिटनीनं लावला, हे खरं का?

एका प्रकारच्या जिनचा, हो. एली व्हिटनी या अमेरिकन माणसानं १७९३ साली जॉर्जियातल्या एका मळ्यावर ती बनवली आणि १४ मार्च १७९४ रोजी तिचं पेटंट मिळवलं. तिच्या फिरत्या नळकांड्याला तारेचे दात होते. ते दात धागा अरुंद फटींतून ओढून घेत आणि सरकी मागं राही. दोनच वर्षांनी, १७९६ मध्ये, हॉजन होम्सनं तारांऐवजी गोल करवती लावलेल्या जिनचं पेटंट घेतलं. आजची 'सॉ जिन' त्या वाटेनं आलेली.

पण सरकी काढायचं साधन जगात आधी नव्हतं, असं समजू नका. भारतात दोन रोलरची हाताची चरखी शतकानुशतकं घरोघर चालत होती. एकीनं हँडल फिरवायचं, रोलरमधून धागा पलीकडे जायचा, सरकी अलीकडे पडायची. त्याहून साधी म्हणजे सलाई-पटरी: पाटीवर कापूस ठेवून लोखंडी सळईनं लाटायचा. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, त्यानंतर तिथल्या खादीच्या कामात ही सलाई-पटरी पुन्हा हातात आली. आजही वर्धेला गेलात तर तिच्याबद्दल विचारा, दाखवणारं कोणी ना कोणी भेटतं.

शाळेच्या पुस्तकात व्हिटनीचं नाव एका ओळीत येतं आणि खरी गोष्ट राहून जाते. ती जिन आली आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस प्रचंड फायद्याचा झाला. सरकी काढायची मेहनत वाचली, पण लावणी आणि वेचणी हातानंच होत होती, आणि ते हात गुलामांचे होते. १७९० च्या जनगणनेत त्या देशात सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० च्या जनगणनेत जवळजवळ चाळीस लाख. एका यंत्रानं श्रम वाचवले आणि त्याच यंत्रानं गुलामगिरी वाढवली. आपल्या कापसाच्या मुलखातल्या पोरांना हे शिकवलंच पाहिजे, कारण त्या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या दारात घडला.

म्हणजे अमेरिकेतल्या जिनचा विदर्भाशी संबंध आहे?

सरळ संबंध आहे. गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस अडला आणि त्यांची नजर भारताकडे वळली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. भाव चढले, पेरा वाढला आणि युद्ध संपताच भाव कोसळले. दूरच्या बाजारात भाव पडला की आपल्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, घाम फुटतो, हे दुखणं तेव्हापासूनचं आहे.

कापूस बंदरावर न्यायला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला फाटे निघाले. मूर्तिजापूर-यवतमाळची अरुंद रुळांची 'शकुंतला' विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, तीही कापसासाठीच. सरकीसकट कापूस मुंबईला नेणं म्हणजे दोन तृतीयांश भाडं बियाण्याचं भरणं. म्हणून स्टेशनाजवळ जिना आणि प्रेस उभ्या राहिल्या आणि इंग्रजांच्या तोंडचा शब्द आपला झाला. १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठी वेगळा कायदाच झाला. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात एकाधिकार खरेदी (कापूस सरकारलाच विकायचा) आली, तेव्हाच्या रांगा आणि चुकाऱ्याची वाट जुन्या माणसांना अजून आठवते.

आपल्याकडे करवतीची जिन का नाही?

काही ठिकाणी आहे. सॉ जिनचं काम फार झपाट्याचं, पण करवतीचे दात धागा तोडतात. रोलर सावकाश चालतो आणि धाग्याची लांबी राखतो. लांबीवर भाव ठरत असेल तर रोलर बरा.

दारूच्या जिनचं नाव कुठून आलं?

जुनिपर नावाचं सदाहरित झुडूप आहे, आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात. त्याच्या फळांचा वास देऊन हॉलंडमध्ये 'येनेव्हर' नावाची दारू बनवत. लॅटिन 'जुनिपेरस', त्याचं जुन्या फ्रेंचमधलं रूप, त्याचं डच रूप आणि त्याचं इंग्रजीत आखडलेलं रूप म्हणजे जिन. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहराशी संबंध नाही, आवाज सारखा आहे इतकंच.

अठराव्या शतकात लंडनच्या गरीब वस्त्यांत ही दारू इतकी स्वस्त झाली की घरंच्या घरं बुडाली. तिला आवर घालायला १७३६ मध्ये कायदा झाला, तो फसला. १७५१ चा कायदा काहीसा चालला. दारूपायी उघडं पडलेलं घर ज्यांनी आपल्या गावात पाहिलं आहे, त्यांना तो इतिहास परका वाटणार नाही.

पत्त्यांतली 'जिन रमी'?

१९०९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एल्वुड बेकर यांनी हा खेळ बसवला असं मानलं जातं. रमीत 'रम' ऐकू येते, तिच्या जोडीला 'जिन', असं नाव पडल्याचं सांगतात.

'जिन' म्हणजे सापळा, असंही पुस्तकात दिसलं.

दिसणारच. 'युक्ती' या जुन्या अर्थाची ती फांदी. जिन ट्रॅप म्हणजे जनावराचा पाय पकडणारा लोखंडी जबड्याचा सापळा. इंग्लंडमध्ये १९५८ पासून त्यावर बंदी आहे. आपल्याकडे रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलं की अशा फाशांचा विचार मनात येतो, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय तो गुन्हा आहे, आणि त्यात वाघ-बिबट्याही अडकतो. कप्पी लावून वजन उचलायच्या तिपाईलाही इंग्रजीत जिन म्हणतात.

जीन्सची पँट कापसाची असते, म्हणजे तिचं नाव जिनिंगवरून ना?

तर्क चांगला आहे, पण नाही. इटलीतल्या जिनोआ बंदराचं फ्रेंच नाव कापडाला चिकटलं, त्यातून 'जीन'. डेनिम म्हणजे फ्रान्समधल्या नीम गावचं कापड. खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकलेल्या पँटचं पेटंट अमेरिकेत १८७३ मध्ये निघालं. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातही डेनिम विणलं जातं.

घोड्यावरचं जीन, भुताखेतांतला जिन आणि जैनांचे जिन?

तिघेही वेगळे. घोड्यावरचं जीन फारसी 'झीन'वरून. ते बनवणारे ते जिनगर.

अरबी 'जिन्न'च्या मुळाचा अर्थ झाकलेलं, डोळ्यांआड असलेलं. 'जन्नत' म्हणजे झाडांनी झाकलेली बाग, 'मजनू' म्हणजे जिन्नानं झपाटलेला, दोन्ही त्याच मुळाचे. इंग्रजीतला 'जिनी' मात्र दुसराच. अरबी गोष्टी फ्रेंचमध्ये आणताना अनुवादकांनी जिन्नसाठी 'जेनी' हा तयार फ्रेंच शब्द वापरला, आणि तो लॅटिन 'गेनियस'चा, म्हणजे पुन्हा आपल्या 'गेन'-'जन्'चा.

जैनांचा 'जिन' संस्कृत 'जि' धातूचा: ज्यानं रागद्वेष जिंकले तो. वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्यांना हा अर्थ सांगायला नको.

किराण्यातला 'जिन्नस'?

हा खरोखर नात्यातला निघतो. जिन्नस अरबी 'जिन्स'वरून, म्हणजे प्रकार, वर्ग. आणि तो 'जिन्स' ग्रीक 'गेनोस'वरून अरबीत गेलेला. तेव्हा जन्म, जनुक, जिन, इंजिन आणि जिन्नस ही सगळी एका घराची माणसं. गावाकडची 'जिनगी' त्यात नाही, ती फारसी 'जिंदगी'ची.

परदेशी माणसाशी इंग्रजीत बोलताना हा शब्द कुठं जपून वापरायचा?

ऑस्ट्रेलियात. तिथं गोऱ्यांनी मूळ रहिवासी स्त्रीसाठी हाच शब्द हिणवायला वापरला. तिथल्याच एका आदिवासी भाषेतला, 'स्त्री' एवढाच अर्थ असलेला शब्द त्यांनी शिवीसारखा केला. कोणाही माणसासाठी तो वापरू नका. यंत्राबद्दल 'कॉटन जिन' असं पूर्ण म्हटलं की प्रश्न येत नाही.

मोबाइलवरचं भाषांतर 'जिन'ची दारू करून टाकतं. काय करावं?

एकटा शब्द देऊ नका. इंग्रजीत 'कॉटन जिन' किंवा 'जिनिंग फॅक्टरी' लिहा, मराठीत 'जिनिंग कारखाना' किंवा 'कापसाची जिन'. बँकेच्या कागदावर, पीकविम्याच्या अर्जात किंवा कामाचा अनुभव लिहिताना तर नक्कीच. आणि मराठीतून इंग्रजीत नेताना 'कापूस' आणि 'रुई' यांना दोन वेगळे शब्द वापरले आहेत का, तेही बघा: सरकीसह कापसाला 'सीड कॉटन', रुईला 'लिंट'. पावतीवर हे दोन उलटे झाले तर वजनाचा हिशेब तीनपट चुकतो.